बहिऱ्या सुरुंगवाल्याची दोरी

नारायण आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते दोरी वळायचं. त्याच्या अंगणात, निंबाखाली, ऊन उतरल्यावर. अंबाडीचा वाख त्यानं दुपारीच पाण्यातून काढून झटकून ठेवला होता. मी खुंट्याजवळ बसून पीळ देत होतो, तो वाख सोडत मागंमागं सरकत होता. काम काही मोठं नव्हतं. जुनी दोरी घुशीनं कुरतडली म्हणून नवी पाहिजे होती. जाड नको, पण तुटणारी नको. तिचं एक टोक दाराच्या कडीला बांधायचं होतं आणि दुसरं नारायणच्या पायाच्या अंगठ्याला.

वळता वळता तो मला शिव्या देत होता. "किसना, पीळ ढिला सोडून राह्यला तू. म्हातारा झाला काय बे?"

मी त्याच्याहून लहान. पण उत्तर देऊन फायदा नव्हता. माझी मान खाली होती, तोंड त्याला दिसत नव्हतं, आणि बोलणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर नारायणला काही कळत नसे. तो ठार बहिरा होता.

गावच्या गुरुजींनी मला सांगितलं की दिवाळीच्या अंकात विहिरीच्या धंद्यावर लिहा. आता मशिनी आल्या, पुढच्या लोकांना समजणार नाही, म्हणाले. मी तिसरी बुक शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी पाहतील, बाकी माझं. पण धंद्यावर लिहायचं म्हणजे नारायणवर लिहावं लागते. धंदा त्याचा होता. मी त्याचा कान होतो.

आमच्या रिठदकडं वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा पाषाण. माती कोणीही खोदते. मुरूम कुदळीनं निघते. पाषाण लागला की मालक कपाळाला हात लावून बसे आणि आमच्याकडं गडी पाठवे. पाषाणात पहारीनं भोक पाडायचं. एकानं पहार धरून दर ठोक्याला जराशी फिरवायची, दुसऱ्यानं घण घालायचा. भोकात पाणी सोडायचं, दगडाची ओली भुकटी काढत राहायची. हातभर भोकाला दिवस जाते. असे भोकं झाले की त्यात दारू भरायची, वात सोडायची आणि वरून माती ठासायची. ठासायला बाभळीचा दांडा, लोखंड नाही. लोखंडानं ठिणगी पडते. एका गड्यानं घाईघाईनं पहारीचं टोक घातलं तर नारायणनं त्याच्या थोबाडीत दिली. आणि संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला सांगून आला, तुह्या नवऱ्याले मी काहून मारलं. तिनं त्याला जेवायला वाढलं.

हे सगळं नारायण पलटणीत शिकला. पहिल्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याकडं सफरमैना पलटणीत होता. सफरमैना म्हणजे रस्ते करणारे, पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. बंदूक होती, पण हातात फावडं जास्त. तिथंच त्याचे कान गेले.

आता बहिऱ्या माणसानं सुरुंग लावणं म्हणजे काय ते ऐका. जितक्या वाती पेटवल्या तितके बार वर उभं राहून मोजायचे असतात. एक बार कमी भरला तर एक सुरुंग आत जिवंत बसलेला आहे. मग त्या दिवशी विहिरीत उतरायचं नाही, मालक नाचो नाहीतर रडो. बहिरा माणूस बार कसे मोजेल? म्हणून मी. शिवाय तो खाली आणि मी वर असलो की त्याला हाक मारून फायदा नाही. म्हणून आमची अंबाडीची दोरी. एक टोक त्याच्या मनगटाला, एक माझ्या हातात. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे मी बोलावतो, वर ये. तोही खालून तसंच उत्तर देई.

बार उडताना तो जमिनीवर तळहात टेकून बसे. हातानं मोजी. मी कानानं मोजी. कधी दोन बार एकदम उडाले की आमचा हिशेब जुळत नसे. मग ज्याचा आकडा कमी, तो खरा धरायचा, असा त्याचा नियम. गडी कुरकुरत, रोजी बुडाली म्हणत. नारायणला ते ऐकूच येत नसे, हा एक फायदा होता. आमच्या विहिरीत माणूस मेला नाही. बाकी धंद्यात काय मिळवलं ते विचारू नका, हे मात्र लिहून ठेवा.

गिऱ्हाईकही एकेक नग. केनवडच्या एका पाटलानं पाणाड्याला बोलावून, तळहातावर नारळ उभा करून जागा काढली होती. खोदतो तर पाषाण संपेना. पाटील रोज विहिरीच्या काठावर येऊन आम्हाला आईबहिणीवरून बोले. एक दिवस तो असाच हातवारे करून ओरडत होता. खालून नारायणनं वर पाहिलं. इतक्या खालून ओठ कळले नाहीत, त्याला वाटलं पाटील खुश झाले. तो ताठ उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि त्या चिखलातून पाटलाला कडक सलाम ठोकला. पाटलाचं तोंड उघडंच राहिलं. गडी हसायला लागले, मग पाटीलही हसला. पुढं बाजूच्या चिरेतून पाणी आलं. पाटील मरेपर्यंत लोकांना सांगत होता, मी शिव्या दिल्या म्हणून पाषाण फुटला.

घरी नारायण वेगळा माणूस होता असं लिहिणार होतो, पण तसं नाही. घरीही तसाच मोठ्यानं बोले. त्याची बायको सखू. तिच्या कानात तो जे हळूच सांगे ते आमच्या आळीला पाठ होई. आज वांगं कर, तुले नवं लुगडं घेतो, तुह्या मायला बोलावून घे, सगळं. सखूला दिवस गेले तेही आम्हाला त्यानंच सांगितलं, म्हणजे त्यानं तिलाच सांगितलं, जपून चाल म्हणून. सखू दोन दिवस पाण्याला बाहेर निघाली नाही.

त्यांची आधीची लेकरं जगली नव्हती. हा दिगू जगला. पोरगं रात्री रडलं तर नारायणला ऐकू येणार नाही आणि सखू आधीच खंगलेली. तर यानं काय करावं? पाळण्याची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधली. पोरगं हललं की अंगठा ओढला जाई, हा उठे, झोका देई, लंगोट बदली. सखू झोपलेलीच. बायका दोरी पायानं ओढून पाळणा हलवतात हे आम्ही पाहिलं होतं. पाळण्यानं बाप हलवलेला पहिल्यांदाच पाहिला. आळीतले लोक हसत. पलटणीतला माणूस अन् पाळणा हलवते. तो म्हणे, "आता माह्या पल्टनीत येकच साहेब हाये, अन् तो अंगावर मुतते."

माझी शेवंता मला म्हणे, पाहा, शिका काही. मला दोन पोरी. मी कधी त्यांची दोरी ओढली नाही.

दिगू रांगायला लागला तेव्हापासून त्याला घरचा एक कायदा माहीत होता. बाबाला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा. मग बाबा वळते, मग बोलायचं. लहान असताना तो दुसऱ्यांच्या बापालाही खांद्याला हात लावून मगच बोले. लोकांना गंमत वाटे.

संध्याकाळी नारायण त्याला मांडीवर घेऊन बसऱ्याच्या गोष्टी सांगे. आख्खी आळी ऐके, दुसरा इलाजच नव्हता. खजुराचे बगीचे. माणसाएवढा मासा. उंटानं साहेबाची टोपी खाल्ली, आणि साहेब उंटाला कोर्टात उभं करायला निघाला. आम्ही पोट धरून हसायचो. दिगू तर त्या उंटासारखं तोंड करून दाखवी. मीही म्हणे, नारायण, ती उंटाची सांग.

खरी गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली. शिरपूरला विहीर चालू होती, दुपारी आम्ही दोघं तळाशी सावलीत भाकर खात बसलो होतो. मी विचारलंही नव्हतं. विहिरीच्या तळाशी त्याचा आवाज घुमत होता, पण वर कोणी नव्हतं. म्हणाला, दारूचा साठा उडाला. बाजूला बुलढाण्याकडचा एक पोट्टा बसला होता, आम्ही एकाच ताटात जेवायचो. धूर खाली बसला तेव्हा तो पडलेला होता आणि माझ्याकडं पाहून बोलत होता.

"त्याचं तोंड हालून राह्यलं होतं, किसना. मले काही ऐकू येईना. मी म्हनलं, जरा जोरानं बोल. तो बोलला, अन् मंग बंद झाला." भाकर त्याच्या हातातच होती. "काय म्हनला ते मले आजवर मालूम नाही. पानी मांगलं का मायचं नाव घेतलं, देव जाने."

दिगूला हे सांगितलं का, मी विचारलं. तोंडासमोर तोंड आणून विचारलं. तो म्हणाला, लेकराले असं कायले सांगाव.

चूक म्हणायची तर ही. वाईट हेतूनं केलेली नाही. बापानं पोराला लढाई उंटाची करून सांगितली, आणि पोरगं ती ऐकून मोठं झालं.

दुसरी लढाई लागली तेव्हा दिगूला मिसरूड फुटलं होतं. रिसोडच्या बाजारात भरतीवाले आले. मोटार चालवायला शिकवतात म्हणे. दिगू नाव देऊन आला. त्या दिवशी नारायणच्या घरात जे झालं ते सगळ्या गावानं ऐकलं. म्हणजे नारायणचं ऐकलं. पोराचं मी ऐकलं, कारण मी दारात उभा होतो.

नारायण म्हणाला, जायचं नाही. दिगू त्याच्यासमोर उभा राहून सावकाश बोलला, बापाला कळावं म्हणून. "तुमी गेले होते ना, बाबा? तुमीच तं सांगत होते."

"ते खोटं होतं."

"मी लहान होतो तवा खरं होतं, आता जायची वेळ आली तं खोटं झालं?"

मला वाटलं, आता सांगेल, तो बुलढाण्याचा पोट्टा सांगेल. पण लोक जमले होते, आणि त्याला हळू बोलता येत नव्हतं. जी गोष्ट एका माणसाला सांगायची ती त्याला गावाला सांगावी लागली असती. तो बाहेर निघून गेला.

तीन-चार दिवस बाप-लेक बोलले नाहीत. जायच्या दिवशी सकाळी नारायण अंगणात दाराकडं पाठ करून पहारीचं टोक दगडावर घासत बसला होता. दिगू गाठोडं घेऊन निघाला. बापाच्या मागं उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, मी जाऊन राह्यलो." नारायण घासत राहिला. दिगू पुन्हा म्हणाला. नारायणनं मान वळवली नाही. सखू उंबऱ्यात होती. ती हात लावायला पुढं झाली तर पोरानं तिला अडवलं. "राहू दे, माय."

रागात होता. खांद्याला हात लावला नाही. रांगायला लागला तेव्हापासून त्याला माहीत होतं की बाबाला हात लावावा लागते, आणि त्यानंच लावला नाही. लावला असता तर आपण हरलो असं त्याला वाटलं असेल. त्या वयात वाटते.

सखूनं हे नारायणला दुपारी सांगितलं. सकाळी तिच्या मनात काय होतं ती जाणे. तिलाही वाटलं असेल की हा मुद्दामच वळला नाही. नारायणनं ऐकलं, म्हणजे तिचं तोंड पाहिलं, आणि तसाच उघड्या अंगानं रिसोडच्या रस्त्यानं पळत सुटला. मी मागं. तिथं पोचलो तर लॉरी जाऊन धूळही बसली होती. पारावर बसलेल्या लोकांनी विचारलं काय झालं. नारायण मोठ्यानं म्हणाला, "पोरगं येतो म्हनून गेलं अन् मले समजलं नाही." सगळे खाली पाहायला लागले.

मग बरेच दिवस खबर नाही. कोणी म्हणे तिकडं वैऱ्यानं धरलेल्यांत आहे, कोणी काही. त्या काळात माझी शेवंता गेली. मी दूरच्या विहिरीवर होतो, पोचलो तेव्हा गाव स्मशानाकडं निघालं होतं. पुढं सखू गेली. ती शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून निजे.

दोघं रांडवे एका ठिकाणी जेवायला लागलो. भाकरी मी थापायचो, वाकड्या. कालवण तो करी, तिखट. मी एक सांगतो, रडायचं असेल तर बहिऱ्या माणसाजवळ रडावं. त्याला आवाज येत नाही, मोकळं होता येते. आपण पाठ करून बसायचं. तरी त्याला कळेच. मागून येऊन खांद्याला हात लावी आणि उभा राही. काही बोलत नसे. एरवी बोलणं न थांबणारा माणूस.

लढाई संपली. आसपासच्या गावची पोरं परत यायला लागली. कोणी पहाटे येई, कोणी मध्यरात्री पायी. नारायणच्या डोक्यात एकच घुसलं. दिगू रात्री आला, कडी वाजवली आणि आपल्याला ऐकू आलं नाही तर? पोरगं समजेल बाप अजून रागात आहे. दार उघडत नाही. जाईल परत.

म्हणून ती दोरी. बाहेरच्या कडीला बांधली, दाराच्या फटीतून आत घेतली आणि अंगठ्याला. पाळण्याची होती तशीच.

मी म्हटलं, कायले हे लचांड, मी बाजूलाच झोपतो, मला ऐकू येते.

"तुह्या कानानं मी जगलो, गड्या," तो म्हणाला. "पन या बारीले मले स्वतःले समजू दे."

आता आळीतल्या शेळ्या दाराला अंग घासत. दोरी ओढली जाई. नारायण उठून दार उघडी आणि शेळीला म्हणे, "आला का रे?" अंधारात आधी म्हणे, मग पाही. आळीतले लोक पहिले पहिले हसले. मग शेजारणीनं आपली शेळी घरात बांधायला सुरुवात केली.

सकाळी मी त्याला उठवायला तीच दोरी वापरी. दोन झटके. विहिरीवरचे. त्यावरून त्याला समजे की हा किसना आहे, दिगू नाही. आतून एक झटका येई. थांब. मग खोकत खोकत दार उघडी.

दिगू आला. नारायण गेल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, चांदणं असताना आला. दुखणाईत होता, केस गेले होते. त्यानं कडी वाजवली. माझे कान तोवर बारांनी अर्धे नेले होते, मला ऐकू आलं नाही, पण मी उठलो आणि दार उघडलं. पाणी प्यायल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, "काका, बाबा त्या दिवशी वळले काहून नाहीत?" मी सांगितलं. बुलढाण्याच्या पोट्ट्याचंही सांगितलं, सगळं. सकाळपर्यंत तो भिंतीला टेकून बसला होता. आता तो केनवडला पाण्याची इंजिनं दुरुस्त करते. त्याची पोरं त्याला लांबून हाका मारतात, त्याला ऐकू येते.

तर ती शेवटची संध्याकाळ. दोरी झाली. नारायणनं ती ओढून पाहिली, दातानं चावून पाहिली. म्हणाला, आता घुशीच्या बापाला तुटणार नाही. ओलीच कडीला बांधली, फटीतून घेतली. मी भाकरी थापल्या. त्यानं माझ्या भाकरीला नाव ठेवलं. मी माझ्या घरी निजायला गेलो.

सकाळी मी दोन झटके दिले. आतून उत्तर नाही. मला वाटलं झोप लागली, पुन्हा दिले. दोरी आत कुठं अडकली नव्हती, तिच्या टोकाला वजन लागत होतं. तिसऱ्यांदा मी दिले नाहीत. मागच्या कुडावरून आत उतरलो.

तो दाराकडं तोंड करून पडला होता. अंग गार होतं. घाईनं उठायला निघाल्यासारखा एक हात जमिनीवर टेकलेला. बार मोजताना टेकी तसा.

दार उघडलं, लोक आले. कोणीतरी म्हणालं, अंगठे बांधा आधी. आमच्यात मेल्या माणसाच्या पायाचे अंगठे जोडून बांधतात. एकानं विळा काढला आणि हाताशी तीच दोरी होती म्हणून कापायला वाकला.

मी त्याला म्हटलं, "ते कापू नको. तिचं दुसरं टोक दाराले हाये."

अंगणात निंबाखाली कालचा वाख उरला होता. त्यातून त्यानं वीतभर घेतला. नारायणच्या अंगठ्याची गाठ मी सोडली. ओली बांधलेली, रात्रीतून वाळून आवळली होती. दात लावावे लागले.

लोक लाकडं पाहायला गेले. मी दार लोटून घेतलं, त्याच्या पायाशी बसलो आणि ते टोक माझ्या अंगठ्याला बांधलं.